पेटीतल्या निगेटिव्हचं काय करायचं?

गोंदियातल्या जुन्या घरांत सापडणाऱ्या फोटोच्या पाकिटांवर तारीख क्वचितच असते, पण स्टुडिओचा शिक्का असतो आणि तो पुष्कळ काही सांगतो. गावाच्या नावापुढे 'सी. पी.' असेल, तर पाकीट २६ जानेवारी १९५० च्या आधी छापलेलं. 'म. प्र.' असेल तर १९५० ते ऑक्टोबर १९५६ मधलं, कारण तेव्हा आपला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. नंतर साडेतीन वर्षं मुंबई राज्य, मग १ मे १९६० पासून महाराष्ट्र. 'गोंदिया, जि. भंडारा' असेल तर १ मे १९९९ च्या आधीचं, कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अर्थात छापून घेतलेला पाकिटांचा गठ्ठा संपल्याशिवाय कुठलाच दुकानदार नवा छापत नाही. तेव्हा वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरावीत. आणि 'म. प्र.' वाचून लगेच हुरळूनही जाऊ नये. पाकीट बालाघाटच्या स्टुडिओचं निघालं तर ते कालपरवाचंही असू शकतं.

या पाकिटांतला फोटो केव्हाच बाहेर निघून फ्रेममध्ये गेलेला असतो. मागे राहते ती निगेटिव्ह. घराला रंग द्यायची वेळ आली की 'ह्या काळ्या फिती कशाला ठेवल्या' म्हणून पहिली तीच कचऱ्यात जाते. इकडे भिंतीवरचा फोटो दर पावसाळ्यात ओल खात काचेला चिकटलेला असतो. काचेपासून सोडवायला गेलं की चेहऱ्याचं सालपट निघतं. दोन्हींतून एकच वाचवायचं ठरलं, तर मी डोळे मिटून निगेटिव्ह वाचवीन. फोटो निगेटिव्हमधून पुन्हा निघतो; फोटोमधून निगेटिव्ह काढली, तरी ती फोटोत जेवढं आहे तेवढंच धरून ठेवते.

आणि फोटोत सगळं नसतंच. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. प्रकाश पडलेले कण डेव्हलपरमध्ये शुद्ध चांदी होतात, आणि इतकी बारीक चांदी काळी दिसते. न पडलेले कण हायपो हे द्रावण धुऊन काढतं. म्हणून पांढरं धोतर निगेटिव्हवर काळंकुट्ट आणि काळी टोपी काचेसारखी पारदर्शक. स्टुडिओवाला एन्लार्जरखाली ब्रोमाइड पेपर ठेवून ही निगेटिव्ह उलटी करायचा तेव्हा त्याला निवड करावी लागे. धोतराच्या चुण्या दाखवायला जास्त प्रकाश द्यावा, तर टोपीखालचे डोळे अंधारात जातात. डोळे दाखवावेत, तर धोतर चुन्यासारखं सपाट पांढरं. त्यात लग्नसराईत रात्री शंभर कॉप्या काढायच्या असत. त्याने चेहरा धरला, धोतर सोडलं. धोतराच्या चुण्या निगेटिव्हमध्ये मात्र आजही तशाच आहेत.

चौकटीचंही तेच. एकशेवीसच्या रोलवर चौकोनी फोटो घ्यायचा आणि त्यातून पासपोर्ट किंवा कार्ड साइजचा तुकडा छापून द्यायचा, ही स्टुडिओंची रोजची रीत. त्यामुळे निगेटिव्हमध्ये रंगवलेल्या पडद्याची कड दिसते, दिव्याचा स्टँड दिसतो, बाळाला मागून धरून ठेवणारा आईचा हात दिसतो, पाटावर उभी केलेली मुलगी दिसते. मध्य प्रदेशातल्या नागदा या गावच्या स्टुडिओ सुहागमधल्या अशाच निगेटिव्हांवरून मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी २०१३ साली 'आर्टिझन कॅमेरा' हे पुस्तक केलं. नागदा काय आणि गोंदिया काय, दोन्ही रेल्वेची गावं. पडदे आणि पोझेसही फार वेगळ्या नसाव्यात.

तर पेटी उघडायची. पण स्कॅनर सुरू करण्याआधी नाक वापरायचं.

पेटीतून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मची पट्टी कुजायला लागली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची बहुतेक फिल्म सेल्युलोज अॅसिटेटची. उष्णता आणि दमटपणा यांत अॅसिटेट फुटतं, त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं, आणि ते आम्लच पुढची कूज वाढवतं. एक आजारी रोल शेजारच्या दहांना लागतो तो असा. नवी अॅसिटेट फिल्म एकवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता अशा सुखात ठेवली तरी चाळीस-पन्नास वर्षांत ही कूज सुरू होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गोंदियाला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि जुलैत भिंतींना पाणी सुटतं. त्यातून पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर. हिशेब ज्याचा त्याने करावा. वासाच्या फिती आधी वेगळ्या काढायच्या आणि स्कॅनही त्यांचंच आधी करायचं, कारण पट्टी आक्रसली की वरचा थर सुरकुततो, आणि मग कुठलाही स्कॅनर ती सरळ करू शकत नाही.

त्याहून जुनी, १९५० च्या आधीची निगेटिव्ह सेल्युलोज नायट्रेटची असू शकते. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं असलं तर आगीची काळजी नाही. ते नसेल, फिल्म पिवळी पडून चिकट झाली असेल, तर ती घरात साठवायची वस्तू नाही. नायट्रेट एकदा पेटलं की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, पाणी ओतून विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली, त्यात मूकपटांच्या काळापासूनचा ऐवज गेला. घरातल्या दोन-चार निगेटिव्हांमुळे असा वणवा लागत नाही, पण त्या देवघरातल्या समईपासून आणि उन्हापासून लांबच बऱ्या. स्कॅनरच्या गरम दिव्याखालीही त्या ठेवून विसरू नयेत.

आता सफाई. इथे अतिउत्साह फार नडतो. निगेटिव्हला दोन बाजू असतात. तिरपी धरून उजेडात पाहिली की एक बाजू चकचकीत दिसते, ती पट्टीची. दुसरी मंद, ती चांदीची. चकचकीत बाजू मऊ कापडाने, लागल्यास शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एखाद्या थेंबाने पुसता येते. मंद बाजूला फक्त हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश. फुंकर घालून शर्टाच्या कोपऱ्याने पुसायची आपली सवय इथे मोडावीच लागते.

मंद बाजू का जपायची, याचं एक कारण मला फार आवडतं. स्टुडिओतल्या मोठ्या निगेटिव्हांवर, विशेषतः लग्नाला दाखवायच्या मुलींच्या फोटोंवर, टचिंगवाल्याचं काम असतं. निगेटिव्हला आधी एक वार्निशसारखं द्रव्य लावायचं आणि मग टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या एकेक ठिपका देत भरून काढायच्या. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की तिथे प्रकाश अडतो आणि छापात ती जागा उजळते. भिंगाखाली पाहिलं तर गालावर स्वल्पविरामासारख्या रेघांची अगदी दाट वीण दिसते. फोटोत कधी कुणाच्या लक्षात न आलेली ही कारागिरी स्कॅनमध्ये उघडी पडते, कारण आपण चेहरा दहापट मोठा करून पाहतो. अल्कोहोलचा बोळा फिरवला की वार्निश विरघळतं आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कंदिलाशेजारी बसून केलेलं काम एका पुसण्यात जातं. काही जण हे ठिपके 'डाग' समजून संगणकावर साफ करतात. मी करत नाही. टचिंग हाही त्या फोटोचाच भाग.

बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्यात घालू नये. बुरशी जिलेटिनवर जगते आणि त्याला असं पोखरते की पाणी लागताच ते विरघळून वाहून जातं, चित्रासकट. चिकटलेल्या फिती कोरड्या ओढून वेगळ्या करू नयेत. जाणत्याकडे न्याव्यात, तोवर तशाच ठेवाव्यात. आणि भर पावसाळ्यात हे काम काढूच नये. दमट हवेत जिलेटिन ओलावतं आणि स्कॅनरच्या काचेलाच चिकटतं.

राइस मिलच्या आसपास राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. कोंड्याची काळी राख गोंदियात कुठेही बसते, निगेटिव्हवरही बसते. काळा कण प्रकाश अडवतो, आणि चित्र उलटलं की त्याचा पांढरा ठिपका होतो. आजोबांच्या काळ्या कोटावर चांदणं पडल्यासारखं दिसायला लागलं की समजावं, ही मिलची कृपा. खिडक्या लावून, पंखा बंद करून, टेबल ओल्या फडक्याने पुसून मगच फिती बाहेर काढाव्यात.

ही धूळ हातानेच का काढायची? रंगीत निगेटिव्हसाठी स्कॅनरमध्ये धूळ आपोआप घालवायची सोय असते, 'डिजिटल आइस' नावाची. स्कॅनर एक फेरी अवरक्त किरणांची मारतो. रंगीत फिल्ममधले रंग त्या किरणांना अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे अडवतात. त्यामुळे यंत्राला धुळीचा नेमका नकाशा मिळतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र चित्रच चांदीचं, आणि चांदी अवरक्त किरणही अडवते. यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. ही सोय चुकून चालू राहिली तर चेहऱ्यांच्या कडा पुसटतात आणि नक्षीदार पदराचा लगदा होतो. तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट करताना ती आधी बंद. (इल्फर्ड एक्सपी-टूसारख्या, रंगीत फिल्मच्या रसायनात धुतल्या जाणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ती चालते, पण तशी फिल्म आपल्याकडच्या जुन्या पेटीत निघणं विरळाच.)

चांदीची दुसरी खोड म्हणजे ती प्रकाश विखुरते. १९०९ साली आंद्रे कॅलिए या बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की एकाच दिशेने येणाऱ्या सरळ प्रकाशात निगेटिव्ह जास्त कडक, जास्त काळी-पांढरी दिसते, आणि चहूकडून येणाऱ्या मंद प्रकाशात सौम्य. सरळ प्रकाशात ओरखडेही उठून दिसतात. निकॉनच्या कूलस्कॅनसारख्या नावाजलेल्या फिल्म स्कॅनरमध्ये जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिती घातल्या की दाणा आणि चरे अंगावर येतात ते यामुळे. याच कारणाने कमी किमतीचा फ्लॅटबेड किंवा दुधी काचेवर ठेवून कॅमेऱ्याने काढलेली प्रत पुष्कळदा डोळ्यांना जास्त बरी वाटते.

यंत्र कुठलं घ्यायचं, हे निगेटिव्हच्या मापावर ठरवावं. छापताना इंचाला तीनशे ठिपके धरले, तर पस्तीस एमएमची चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची चौकट आठ बाय बारा इंचांवर छापायला सुमारे २५०० डीपीआयचा स्कॅन लागतो. एकशेवीसच्या रोलवरची सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकट दहा बाय दहा इंच करायला मात्र १४०० डीपीआयही पुरतात. आता खोक्यावरचे आकडे पाहा. एप्सनच्या व्ही-६०० या फ्लॅटबेडवर ६४०० लिहिलेलं असतं. चाचण्यांत खरा तपशील मिळतो दीड हजारांच्या आसपास. थोरल्या व्ही-८५० वरही ६४००. खरे तेवीसशेच्या जवळपास. प्लसटेकच्या ऑप्टिकफिल्म मालिकेतल्या छोट्या यंत्रांवर ७२००, खरे तीन हजारांच्या वर, पण त्यात फक्त पस्तीस एमएमच जाते. म्हणजे स्टुडिओची एकशेवीस किंवा त्याहून मोठी निगेटिव्ह असेल तर साधा फ्लॅटबेडही काम करतो. घरातल्या अॅग्फा क्लिक-थ्रीची, म्हणजे पूर्वी बडोद्याला बनणाऱ्या त्या काळ्या डब्याची निगेटिव्हही सहा बाय सहाचीच, त्यामुळे साध्या भिंगाच्या त्या कॅमेऱ्याचे फोटोही चांगले मोठे होतात. अडचण पस्तीस एमएमची.

स्कॅनर विकत घ्यायचा नसेल, तर डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि मुलं चित्रं गिरवायला वापरतात तो एलईडी पॅड एवढ्यावर भागतं. निगेटिव्हभोवती काळ्या कागदाची चौकट करावी म्हणजे आजूबाजूचा प्रकाश लेन्समध्ये शिरत नाही. खोलीत अंधार करावा. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचं. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की झालं. एलईडी पॅड नसेल आणि मोबाइलचा पांढरा स्क्रीन वापरायचा असेल, तर निगेटिव्ह थेट त्यावर ठेवू नये, नाहीतर स्क्रीनचे ठिपके चित्रात उतरतात. मधे दुधी अॅक्रिलिक ठेवून ती बोटभर उचलावी.

बाजूचा गोंधळ इथेच होतो. कडेला छापलेली कोडॅक, ऑर्वो किंवा इंदू ही अक्षरं सरळ वाचता आली, तर चित्र सरळ आहे. (इंदू म्हणजे ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची, १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची फिल्म. ऑर्वो पूर्व जर्मनीची.) पण स्टुडिओने सुटी कापलेली निगेटिव्ह असेल तर कडेला अक्षरं नसतात. मग पदर पाहून डावं-उजवं ठरवायचा मोह होतो. गोंदियात तो आवरावा. इथे एकाच गल्लीत मराठी, पोवारी, हिंदी, गुजराती, मारवाडी आणि छत्तीसगढी बोलणारी घरं आहेत. पदर उजव्या खांद्यावरून पुढे आला असेल तर चित्र उलटं आहे असं नाही. ती सीधा पल्ला घेणारी बाई असू शकते. पुरुषाच्या शर्टाकडे पाहावं. खिसा त्याच्या डाव्या छातीवर आणि बटणपट्टीत डावी बाजू वर. शर्टच नसेल तर मनगटावरचं घड्याळ, मागची दुकानाची पाटी, नाहीतर इंजिनावरचा नंबर.

इंजिनावरून आठवलं. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी सातपुड्याची छोटी लाइन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाली, रुळांतलं अंतर अडीच फूट. ती टप्प्याटप्प्याने मोठी होत गेली आणि २०१५ साली जबलपूरकडचा शेवटचा तुकडाही बंद पडला. या गाड्यांपुढे उभं राहून काढलेले फोटो गोंदियाच्या कितीतरी घरांत असतील, आणि छापलेल्या फोटोत इंजिन म्हणजे नुसता काळा ठोकळा. निगेटिव्हमध्ये हा काळा भाग पारदर्शक दिसला तरी अगदीच कोरा नसतो. नीट स्कॅन केला तर त्यातून नंबरप्लेट, डब्यावरची पाटी, कधी कोळसेवाल्याचा चेहराही बाहेर येतो. अट एकच, स्कॅन करताना यंत्राला आगाऊपणा करू द्यायचा नाही.

सॉफ्टवेअर उघडलं की ते आपणहून 'ऑटो' लावतं आणि टोकाचं काळं, टोकाचं पांढरं कापून चित्र झणझणीत करतं. दिसायला झकास, पण कापलेलं परत येत नाही. त्यापेक्षा फिल्मचा प्रकार 'पॉझिटिव्ह' सांगावा, म्हणजे निगेटिव्ह आहे तशी निगेटिव्हच उतरते. १६-बिट ग्रेस्केल निवडावा. ८-बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, १६-बिटमध्ये ६५,५३६. मूळ निगेटिव्हमध्ये करड्याच्या छटा थोड्याच जागेत दाटीने बसलेल्या असतात. त्या ताणून मोठ्या करताना पायऱ्या कमी पडल्या तर आकाशात पट्टे उमटतात. सहा बाय सहाची एक निगेटिव्ह २४०० डीपीआयवर अशी टिफ फाइल म्हणून जपली तर सुमारे ५५ एमबी होते. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. मग गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उलटवायची आणि कर्व्हने उजळायची. उलटवल्याबरोबर चित्र फिकं, राखाडी, मेलेलं दिसतं. दिसू द्यावं. त्यात सगळं आहे याची ती खूण.

हायपो नीट न धुतल्यामुळे पिवळी-तपकिरी पडलेली निगेटिव्ह असेल, तर मात्र ग्रेस्केल नको, रंगीत स्कॅन करावा आणि त्यातला फक्त लाल चॅनल ठेवावा. पिवळा डाग निळा प्रकाश अडवतो, लाल जवळजवळ जाऊ देतो. त्यामुळे लाल चॅनलमध्ये डाग बराच विरतो.

सगळ्यात अवघड दोन टोकं. एक, भर उन्हात काढलेले, पांढऱ्या कपड्यांचे फोटो. त्यांत चांदी इतकी दाट असते की फ्लॅटबेडचा प्रकाश पार होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'मल्टी-एक्स्पोजर' असेल तर तो इथे वापरावा, कॅमेऱ्यावर असाल तर कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो घेऊन जोडावेत. दुसरं टोक अंधारातल्या फोटोंचं. सेवाग्राम इथून फार लांब नाही, गोंदियातून जाणाऱ्याच हावडा-मुंबई मार्गावर. तिथे गांधीजींचे नातू लागणारे कनू गांधी गांधीजींच्या अखेरच्या दशकात त्यांचे फोटो काढत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेऱ्याची सोय झाली होती, आणि गांधीजींच्या तीन अटी होत्या : फ्लॅश नाही, पोझ नाही, आणि आश्रमाकडून पैसे नाहीत. झोपडीतला उजेड, त्या काळची मंद फिल्म आणि वर फ्लॅश नाही. अशा वेळी फिल्मवर चांदी कमीच बसते. आपल्याकडच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे, झाडीपट्टीच्या स्टेजवरचे फोटो याच जातीचे. अशी पातळ निगेटिव्ह ताणून उजळली तर दाणा वाळूसारखा वर येतो. तो पुसून गुळगुळीत करायच्या फंदात पडू नये. चेहरा ओळखू येतोय, अंगावरचा शालू कळतोय, एवढ्यावर थांबावं.

मोबाइलवरच्या 'फोटो सुधारा' छापाच्या अॅपबद्दलही इथेच सांगतो. ती धूसर चेहऱ्याला नवे डोळे, नवे दात बसवतात. आजी कुठल्याशा मालिकेतली अभिनेत्री दिसायला लागते. हौस म्हणून करा. ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने ठेवा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी तीच आजी समजणार नाही.

आता स्कॅनच्या मूळ टिफमधून दोन वेगळ्या प्रती करायच्या, पाहायची एक आणि छापायची एक. लोक नेमके इथेच फसतात, कारण एकच फाइल दोन्हीकडे चालवतात. पाहायच्या प्रतीला लांब बाजू दोन हजार पिक्सेल पुष्कळ झाली. ती जेपेग, कॉन्ट्रास्ट जरा चढा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, नाहीतर ती आणखी पिळून निघते. मोबाइलचा स्क्रीन स्वतः प्रकाश टाकतो, त्यामुळे अंधारे भागही त्यावर उजळ दिसतात. कागद फक्त पडलेला प्रकाश परत फेकतो. म्हणून स्क्रीनवर सुरेख दिसणारा फोटो लॅबमधून काळवंडून येतो आणि आपण लॅबवाल्याला बोलतो. छापायच्या प्रतीत अंधारे भाग स्क्रीनवर जरा जास्तच उघडे वाटतील इतके उचलावेत, धार किंचित वाढवावी, आणि आधी चार बाय सहाचा एक नमुना काढून तो दिवसाउजेडी पाहावा.

लॅबमध्ये तीन गोष्टी बोलून घ्याव्यात. पहिली, 'करेक्शन मारू नका'; त्यांचं यंत्र राखाडीला रंग समजून दुरुस्त करायला जातं. दुसरी, ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत कागदावरच छापला जातो, त्यामुळे त्याला हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. नमुन्यात ती दिसली तर मोठी कॉपी काढायच्या आधी सांगावं. तिसरी, चौकोनी फोटो चार बाय सहावर भरायला गेलं की डोकी कापली जातात. 'पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण छापा' असं म्हणावं. टिकाऊ कॉपी हवी असेल तर पिगमेंट शाईच्या इंकजेटवर, एकापेक्षा जास्त काळ्या-करड्या शाया असलेल्या प्रिंटरवर, सुती कागदावर छापून घ्यावी. खर्च जास्त, पण काळा रंग खरा काळा येतो.

स्कॅन झालं म्हणजे निगेटिव्हचं काम संपलं, असं नाही. हार्ड डिस्क कधी बसेल सांगता येत नाही; दोन डिस्क आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, एवढी तजवीज हवी. फिती पीव्हीसीच्या प्लास्टिकमधून काढून साध्या आम्लविरहित कागदी पाकिटांत, उभ्या ठेवाव्यात. जागा माळ्यावरची नको, बाहेरच्या भिंतीला लागूनही नको. मधल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण बरा. जुनं पाकीट फेकू नये. त्यावरचा शिक्का हाच फोटोचा दाखला, तोही स्कॅन करून फाइलीसोबत ठेवावा.

राहिली नावं. भाऊबीज झाली की मंडया भरतात, बाहेरगावची माणसं आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे परततात. टॅबलेटवर फोटो मोठा करून दाखवायला यापेक्षा चांगली वेळ नाही. मामाजी 'हा गोवर्धनचा बाप' म्हणाले की लगेच फाइलीच्या नावात लिहून टाकायचं, गावासकट. कुणाला आठवलं नाही तर निगेटिव्हच्या कडेकडे पाहा. पुष्कळ स्टुडिओवाले तिथे शाईने नंबर घालत आणि तोच नंबर वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहीत. म्हणून स्कॅन करताना कडा कापायच्या नाहीत. स्टुडिओ बंद झाला असला तरी वही त्या घरात कुठेतरी असते. मिळाली तर तीही स्कॅन करून घ्या. तिला ३०० डीपीआय पुरतात.